देहातील मीठ आणि चैतन्याचा प्रश्न

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, जे ज्ञान देतो त्यात पाणी आणि मीठ या दोन्ही वस्तू येतात. मन अन्नाचे, प्राण पाण्याचा आणि वाणी तेजाची बनलेली आहे, असे सांगून तो मुलाला १५ दिवस उपाशी राहण्यास, पण पाणी मात्र हवे तेवढे पिण्यास सांगतो. त्यानंतर श्वेतकेतू जिवंत असतो, परंतु पाठ असलेले वेदमंत्र त्याला आठवत नाहीत, आणि अन्न घेतल्यावर ते पुन्हा आठवू लागतात. पुढे मिठाचा दृष्टांत येतो : रात्री पाण्यात टाकलेला खडा सकाळी हाती लागत नाही, तरी ते पाणी वरून, मधून किंवा तळातून चाखले तरी खारटच लागते. यात आधुनिक शरीरक्रियाशास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असा दावा करणे म्हणजे त्या ग्रंथाची उपेक्षाच होय, कारण उद्दालकाला देहाची घडण सांगायची नसून सर्वत्र भरलेल्या, न दिसणाऱ्या सत् तत्त्वाचे स्वरूप सांगायचे आहे. तथापि प्राण जर पाण्यावर टिकून असेल, तर पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार यांच्यापलीकडे जिवंतपणात आणखी काही असते काय, हा प्रश्न त्या उपदेशातून साहजिकच उभा राहतो.

भारतीय दर्शनांत या प्रश्नावर जुना वाद आहे. चार्वाकांच्या मते पृथ्वी, जल, तेज आणि वायू या भूतांच्या विशिष्ट मिश्रणातून चैतन्य उत्पन्न होते, जसा धान्य आंबवल्यावर त्यात मद उत्पन्न होतो. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी यावर दोन आक्षेप घेतले आहेत. चैतन्य हा देहाचा धर्म असता तर रूपाप्रमाणे तो प्रेतातही दिसला असता, हा पहिला. आणि भूतांना जे जाणते ते स्वतः भूतांचाच गुण असू शकत नाही, कारण अग्नी स्वतःला जाळत नाही, हा दुसरा. या दोन आक्षेपांचे वजन सारखे नाही, आणि ते कसे वेगळे आहे हे ठरवण्यास आयनांचा, म्हणजे विद्युत्प्रभार असलेल्या अणूंचा वा अणुगटांचा, अभ्यास फार उपयोगी पडतो.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन असते. त्यामुळे मिठासारखे क्षार पाण्यात पडताच त्यांचे आयन सुटे होतात, तर स्निग्ध रेणू पाण्यापासून दूर सरून एकत्र येतात आणि पेशीभोवतीचे पातळ पटल तयार होते. प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असतो आणि त्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश पेशींच्या आत असते. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी असते, लोह रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असते. परंतु तत्त्वचिंतकाला अधिक महत्त्वाचा वाटावा असा प्रयोग लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी केला. देहाबाहेर काढलेले बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात चालू राहते, असे त्यांना १८८२ मध्ये आढळले होते. पुढे लक्षात आले की ते द्रावण नळाच्या पाण्याने केलेले होते. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच हृदय मंदावून थांबले, आणि अत्यल्प कॅल्शियम घालताच पुन्हा चालू लागले. हृदयाच्या ज्या स्पंदनाला माणूस युगानुयुगे प्राणाची खूण मानत आला, ते एका साध्या धातूच्या आयनावर अवलंबून निघाले. त्याचबरोबर हेही तितकेच खरे की ते द्रावण एकटे ठेवले तर कितीही काळ गेला तरी त्यातून हृदय घडत नाही.

म्हणून खरा मुद्दा द्रव्यांच्या यादीचा नसून त्यांच्या मांडणीचा आहे. पेशीबाहेरच्या द्रवात सोडियमचे प्रमाण दर लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर आत ते १० ते १५ इतकेच असते. पोटॅशियमची स्थिती नेमकी उलट, आत सुमारे १४० आणि बाहेर ४ च्या आसपास. हे अंतर आपोआप टिकत नाही, कारण आयनांचा ओढा सतत सारखे होण्याकडे असतो. पटलातील एक प्रथिन ऊर्जा खर्च करून दर फेरीला ३ सोडियम आयन बाहेर टाकते आणि २ पोटॅशियम आयन आत घेते. येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवरील कामातून ते दाखवून दिले आणि त्यासाठी १९९७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मज्जातंतूंतील संदेश याच अंतराच्या बळावर धावतो.

मृत्यूनंतर हे अंतर ढासळते. डोळ्याच्या गोलकातील पारदर्शक रसात पोटॅशियम हळूहळू वाढत जाते, आणि मृत्यूची वेळ अदमासण्यासाठी न्यायवैद्यक तज्ज्ञ ते मोजतात. स्नायूंतील ऊर्जाद्रव्य संपल्याने ते आखडून राहतात आणि शव ताठ होते. मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत देहातले पाणी आणि क्षार जवळजवळ तेवढेच असतात. ते वेगळे राखण्याची क्रिया तेवढी थांबलेली असते.

यावरून शंकराचार्यांच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर मिळते. प्रेतात प्राणचेष्टा नसतात याचा अर्थ देहातून एखादे द्रव्य निघून गेले असा होत नाही, कारण प्राण ही वस्तू नसून अखंड चालणारी क्रिया आहे. चार्वाकांनाही यात पूर्ण विजय मिळत नाही, कारण केवळ मिश्रण पुरेसे नसते. दुसरा आक्षेप मात्र जसाच्या तसा उभा आहे. रक्तातील क्षारांची तीव्रता एकदोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतील पेशी ते टिपतात, हे सांगता येते. त्या टिपण्याला तहानेचा अनुभव का जोडलेला असावा, हे कोणत्याही आयनाच्या मोजमापातून निष्पन्न होत नाही. आत्म्याच्या बाजूने किंवा विरुद्ध आयनांचा पुरावा देणारे दोघेही या दुसऱ्या आक्षेपाला हात न लावताच निकाल देतात, आणि म्हणून तो निकाल स्वीकारण्याजोगा नाही.