वाढलेल्या नोकऱ्या, गेलेली रोजी

लोअर परळच्या एका कचेरीत मी अठरा वर्षं नोकरी केली. ती इमारत जिथे आहे तिथे पूर्वी कापडगिरणी होती. माझे अब्बा जवळच्याच दुसऱ्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सातारा जिल्ह्यातून ते पोटासाठी मुंबईला आले आणि १९८२च्या संपात त्यांचं काम सुटलं, ते पुन्हा मिळालं नाही. पुढे त्यांनी मोहल्ल्यात हातगाडीवर फळं विकली. अब्बांची रोजी गेली, मला नोकरी मिळाली. घरापुरता हिशेब बरोबर झाला, असं मी समजत होतो. एकदा त्यांना तसं बोललोही. ते शांतपणे म्हणाले, 'बेटा, तुला मिळालं ते तुझं. माझं गेलं ते अजून गेलेलंच आहे.'

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या वाक्यातला प्रश्न तसाच आहे. शहरात एकीकडे रोजगार बुडाला आणि दुसरीकडे वाढला, तर वाढीतून बुडालेल्याची फेड होते का?

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४मध्ये स्थापन झाली. सव्वाशे वर्षं या शहराची सकाळ भोंग्याने व्हायची. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यातल्या हजारोंना परत बोलावणं आलंच नाही. १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर आले आणि मुंबईच्या गोदीतलं हमाली काम आटत गेलं. त्याच काळात बँका, विमा, संगणक, हॉटेलं, मॉल यांतला रोजगार वाढला. बेरीज-वजाबाकी मांडणारा म्हणेल, शहराचं काय बिघडलं?

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं : काळ बदलतो, जुने धंदे जातात, नवे येतात. त्यात तथ्य आहे. कुठलाही कारखाना कायमचा नसतो. शिवाय गिरणीचा काळ म्हणजे सुवर्णयुग होतं, असंही मानायचं कारण नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून जास्त पगाराचं साचेखातं दलित कामगारांना बंद होतं. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी या अन्यायावर बोट ठेवलं. ज्या खात्याचा माझ्या अब्बांना अभिमान होता, त्याचं दार एकेकाळी दुसऱ्या कष्टकऱ्याच्या तोंडावर लावलेलं होतं. हे आपण विसरता कामा नये.

तेव्हा बदल हाच गुन्हा, असं मी म्हणत नाही. माझी हरकत बेरजेला आहे. एका भावाचं ताट भरलं म्हणून दुसऱ्याची भूक भागत नाही. शहर ही काही एकच व्यक्ती नव्हे, की डाव्या खिशातलं गेलं आणि उजव्या खिशात आलं. पस्तिशीच्या साचेवाल्याला कोणी संगणकावर बसवलं नाही. ती खुर्ची त्याच्या मुलाला मिळाली तर मिळाली. बहुतेकांच्या मुलांना तीही नाही.

आणि सगळंच काळाने केलं का? १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. २०१२पासून सोडती निघाल्या, पण मिळालेली घरं त्यापुढे फारच थोडी. हे निर्णय माणसांनी घेतले. आपण मात्र ते काळाच्या नावावर लिहून मोकळे होतो.

म्हणून मला वाटतं, बदलातून ज्याला मिळालं, तो ज्याचं गेलं त्याचा देणेकरी असतो. हे देणं म्हणजे खैरात नव्हे. जकात देताना आपण उपकार करत नाही, घेणाऱ्याचा हक्क त्याच्या हाती देतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग शहराच्या बाबतीत ही समज कुठे जाते? या देणेकऱ्यांत जमीनमालक आहेत, सरकार आहे आणि माझ्यासारखा पगारदारही आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. गिरण्यांचं विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं, कमी मजुरीत, हजेरीपटाशिवाय. आता तिथलेही कित्येक माग भंगारात निघाले आणि गावाभोवती मोठमोठी गोदामं उभी राहिली. आपल्या मोहल्ल्यांतली पोरं तिथे कंत्राटावर खोकी उचलतात, किंवा मोटारसायकलवरून घरोघर माल पोचवतात. याचीही गणना रोजगारवाढीतच होते.

अब्बांच्या पेटीत त्यांच्या गिरणीचं तिकीट अजून आहे. त्यावर नंबर आहे. त्या नंबरामुळेच आम्हाला घरासाठी अर्ज तरी करता आला. आपलं काही गेलं, हे सिद्ध करता आलं. उद्या गोदामात यंत्रं आली आणि या पोरांचं काम गेलं, तर ते कोणता कागद दाखवतील? निदान त्यांची नावं एखाद्या हजेरीपटावर यावीत, एवढी मागणी आपण आजच करायला हवी. नोंदच नसेल, तर उद्या त्यांचं देणं नाकारायचीही कोणाला गरज पडणार नाही.