निळ्या रेषेच्या आत

आंबिवली स्टेशनबाहेरच्या टपरीवर मामांनी चहा बशीत ओतला आणि खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. मामा मोहन्यातल्या एका छोट्या पतसंस्थेचे संचालक. मी ठाण्यात एका बँकेसाठी गृहकर्जाची कागदपत्रं तपासते. अर्ज होता एका रिक्षावाल्याचा. उल्हास नदीच्या काठावरच्या चाळीतली खोली, जोतं तीन फूट उचलायला दोन लाख हवेत. एका बँकेनं ‘पूररेषेत’ एवढाच शेरा मारून परत पाठवलेला.

“असा शेरा तू पण मारतेस ना गं?”

“मारते. ती खोली तारण कशी घेणार, मामा? उद्या कोर्टानं पाडायला सांगितली तर आम्ही जप्त काय करायचं, चिखल?”

“पण बुडू नये म्हणूनच तर तो जोतं उचलतोय.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी हिशेबाकडे वळले. (आमच्या धंद्यात असंच करतात.) “पूररेषांमधली निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं, 2005 ला आला, आता 2030 पर्यंत निवांत.”

“कसला निवांत! 2019 च्या जुलैत ह्याच नदीनं वांगणी-बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकवली. हजारावर माणसं बाहेर काढावी लागली.”

“तेच सांगतेय. पूर तारीख पाळत नाही. दरवर्षी शक्यता शंभरात 4. गृहकर्ज वीस वर्षांचं धरा. तेवढ्यात एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता शंभरात 56. आणि हे पाऊस पूर्वीसारखाच राहिला तर.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं. रेषेबाहेरचं सगळं शाबूत आहे का? आपल्या कल्याण-डोंबिवलीतल्या त्या 65 इमारती घे. रेराचा नंबर होता ना त्यांना? परवानग्याच बनावट निघाल्या, 2024 ला हायकोर्ट म्हणालं पाडा. कर्ज देणाऱ्यांनी कागद बघितलेच असतील की. आणि 2015? आधारवाडीच्या कचराभूमीवरून हायकोर्टानं महापालिका हद्दीत नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या. त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या कुठल्या फाइलीत ‘कचरा’ ही जोखीम लिहिली होती?”

“म्हणूनच आता सगळे जास्त घाबरतात. फ्रान्समध्ये 2023 ला संस्थांनी बीएनपी पारिबा बँकेलाच कोर्टात खेचलं, तेल-वायूच्या कंपन्यांना पैसे पुरवते म्हणून. आपल्याकडे 2024 ला माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क आहे. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं मसुदा काढला, बँकांनी हवामानाची जोखीम जाहीर करावी म्हणून.”

“आम्ही सहकार खात्याखाली. तो मसुदा आम्हाला लागत नाही.”

“छोट्या नागरी बँकांनाही नाही.”

“मग काय होतं सांगू? मोठी बँक जोखीम जाहीर करते आणि अशी गिऱ्हाइकं काढून टाकते. तिचा अहवाल स्वच्छ. माणूस मात्र तिथंच राहतो, नदीकाठी. इथला एनआरसी कारखाना 2009 ला बंद पडल्यावर इकडे पगाराची स्लिप कितीजणांकडे राहिली? तो माझ्याकडे येतो. मी नाही म्हटलं तर सावकाराकडे जातो. जोखीम कमी कुठं झाली? फक्त तिचा हिशेब ठेवणारा गेला.”

हे मला पटलं, आणि पटलं म्हणूनच मी चिडले. “तुमच्याकडे पैसा कोणाचा आहे, मामा? त्याच गल्लीतल्या बायकांची पिग्मी. पाणी आलं की कर्जदाराचे हप्ते थांबणार आणि त्याच आठवड्यात ठेवीदार पैसे काढायला येणार. बँकेच्या ठेवीला पाच लाखांचा विमा असतो. तुमच्या ठेवीला?”

“नाही.”

“मग तुमचं औदार्य त्या बायकांच्या जिवावर.”

मामांनी बशी खाली ठेवली. “आणि तुझा शेरा रिक्षावाल्याच्या जिवावर. म्हणून तर विचारायला आलो.”

कसारा लोकल गेली. मी अर्जाच्या पाठीवर आकडे मांडले. तारण नको, नुसत्या जामिनावर द्या. बारा टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण 6,640. तेवढ्या मुदतीत तो पूर येण्याची शक्यता शंभरात जेमतेम 12. पाच वर्षं दिली तर हप्ता 4,450, आणि शक्यता 18 च्या पुढे.

“साडेचार हजार झेपतील त्याला. साडेसहा नाही.”

“म्हणजे हप्ता हलका करायचा तर पूर जवळ ओढायचा.”

“तसंच समज. पाच वर्षं.”

“खोली अनधिकृत आहे. महापालिकेनं पाडली तर जोतंही जाईल आणि कर्ज तेवढं राहील. हे त्याला सहीच्या आधी तोंडानं सांगा, फॉर्मवरच्या बारीक अक्षरात नको. जामीनदार कोण?”

“दोघं आहेत. त्याच चाळीतले.”

मला हसू आलं; मामांना नाही.

“एक तरी रेषेबाहेरचा हवा, मामा.”

“मी राहतो.”

“तुमचं दुकान आणि माळा, दोन्ही निळ्या रेषेच्या आत आहेत. मी नकाशा पाहिलाय.”

मामांनी अर्ज उलटा करून माझ्यासमोर सरकवला. “तुझ्या नावावर आजीनं घेतलेले पाच शेअर आहेत आमच्यात. सभासद आहेस तू.”

माझा फ्लॅट ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर आहे. संचालकांची सभा मंगळवारी. जामीनदाराचा दुसरा रकाना अजून कोरा आहे.