दोष झाकावा की मदत मागावी?

गेल्या रमजानमध्ये तरावीह झाल्यावर एक तरुण मशिदीत मागे थांबला. नाशिक रोड स्थानकावर पाळ्यांमध्ये काम करणारा, वय तिशीच्या आतले. तंबाखू सुटत नाही, हे त्याने मान खाली घालून सांगितले. दिवसभर रोजा निभतो, पण इफ्तारची खजूर तोंडात गेली की हात आपसूक खिशातल्या पुडीकडे वळतो. मग त्याने विचारले, "मौलाना, मोबाइलवर तंबाखू सोडू पाहणाऱ्यांचा एक गट आहे. तिथे मी माझे हाल लिहिले, तर आपला गुनाह चव्हाट्यावर मांडल्यासारखे होईल का?"

मी उत्तर देण्याची घाई केली. अल्लाहने जे झाकले आहे ते परक्यांपुढे उघडू नकोस, दुआ कर, सब्र कर, एवढेच म्हणालो. "जी मौलाना," म्हणून तो उठला. नंतर कित्येक जुमे तो मागच्या सफेत दिसत राहिला, पण माझ्याशी बोलायला थांबला नाही.

माझ्या उत्तराला आधार नव्हता असे नाही. रात्री घडलेल्या चुकीवर अल्लाहने पडदा टाकलेला असताना सकाळी ती आपणहून लोकांना सांगत सुटणाऱ्या माणसाला प्रेषित (स.) यांनी कठोर इशारा दिला आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. परंतु तो इशारा आहे लाज सोडलेल्या माणसाला. लाजेने मान वर करू न शकणाऱ्याच्या माथी तोच मारणे हा त्या माणसावर अन्याय आणि हदीसवरही. इमाम नववी (मृत्यू हिजरी ६७६) यांनी 'अल-अजकार'मध्ये हा भेद स्पष्ट केला आहे. दोष उगाच सांगत फिरणे त्यांना नापसंत आहे. मात्र ज्याच्याकडून सुटकेचा मार्ग कळण्याची आशा आहे, अशा व्यक्तीला तो सांगण्यात हरकत नाही, उलट ते चांगलेच, असे ते म्हणतात. हे मी मदरशात वाचले होते. त्या रात्री आठवले नाही.

आठवली ती दुसरी हदीस, आणि तीही उशिरा. नव्व्याण्णव खून केलेला एक माणूस तौबाचा मार्ग विचारत एका संन्यस्त उपासकाकडे जातो. उपासक त्याला दार बंद असल्याचे सांगतो आणि शंभरावा बळी ठरतो. मग तो एका ज्ञानी माणसाकडे जातो. ज्ञानी त्याला केवळ तौबा कर म्हणून थांबत नाही. आपले गाव सोड, अमुक गावी जा, तिथे अल्लाहची उपासना करणारे लोक आहेत, त्यांच्यासोबत राहा, असे सांगतो. आजवर ही हदीस मी अल्लाहच्या दयेची कथा म्हणूनच सांगत आलो. त्या रात्री माझी जागा त्या उपासकाची होती, हे कळायला मला काही आठवडे लागले.

आमच्या तरुणाला गाव सोडणे शक्य नाही. नोकरी इथे, आई इथे, आणि पानटपरीही इथेच. शिवाय निकोटिनची तलफ वेळ पाहून येत नाही. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस ती सर्वांत जोरात असते. एकेक लाट काही मिनिटांत ओसरते, पण तेवढी मिनिटे निभावून न्यावी लागतात. रात्रपाळीत दोन वाजता ती उसळते तेव्हा इमामसाहेब झोपलेले असतात. त्या वेळी कुठेतरी जागा असलेला, याच वाटेने गेलेला कोणी चार शब्द लिहीत असेल, तर तो परका असला तरी नेकीच्या कामात हात देणाराच आहे.

तंबाखू हराम की मकरूह, या वादात मी मुद्दाम शिरत नाही. अब्दुल गनी नाबुलुसी (मृत्यू १७३१) यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने तिच्या जायज असण्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला, आणि तिला हराम म्हणणारेही थोर होते. ज्याला सोडायचीच आहे, त्याला या वादातून काय मिळणार? आणि आपल्या भागात या विषयावर बोलताना जीभ जरा जपूनच वापरावी. शेजारचे सिन्नर विड्यांसाठी प्रसिद्ध. किती आयांनी विड्या वळून मुलांना शिकवले आहे!

तरीही प्रत्येक गाव जाण्याजोगे नसते. गटात जाण्याआधी तो कोण चालवतो हे पाहावे. सात दिवसांत सुटका म्हणून चूर्ण विकणारा बाजारात बसला आहे, मदतीला नव्हे. खरे नाव, छायाचित्र, घरचा पत्ता मागणाऱ्यापासून दूर राहावे. पडदा राखून मदत मागता येते. परदेशी गटांत सिगारेटऐवजी ई-सिगारेट ओढण्याचा सल्ला सर्रास मिळतो. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने तिच्या विक्रीवर बंदी आहे. निकोटिनचा च्युइंगगम घ्यायचा तर डॉक्टरांना विचारून, आणि रोज्यात तो चघळता येणार नाही हे उघड आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुन्हा घसरलेल्या माणसाला तिथे काय ऐकायला मिळते, ते वाचावे. टोमणे मिळत असतील, तर ते त्या पहिल्या उपासकाचे घर आहे.

सरकारी व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६. तो विनामूल्य आहे, तिथे प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या पुडीवरच छापला जातो. सुरुवात इथून करावी, गट नंतर.

गेल्या महिन्यात वजूखान्यापाशी मी त्या तरुणाला थांबवले आणि माझे उत्तर चुकले होते, असे सांगितले. तो ओशाळला. मधल्या काळात दोनदा सोडून पुन्हा सुरू झाली होती, आणि गटात त्याने अजून एक अक्षरही लिहिले नव्हते. "तुम्ही नको म्हणाला होतात ना," तो म्हणाला. त्याने खिशातून पुडी काढली. क्रमांकाची बाजू फाडलेली होती. मी माझ्या मोबाइलवरून तो क्रमांक लावला आणि फोन त्याच्या हाती देऊन बाहेर पायरीवर जाऊन बसलो.