जाळे आणि जकातनाका



आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत रात्रीच्या जेवणानंतर सध्या एकच विषय निघतो : धंदा कोणता काढावा? कुणी आखातातून कायमचा परतला आहे. कुणी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे आणि हातात चार पैसे आले आहेत. कुणाचा मुलगा पदवी घेऊन दोन वर्षे घरी बसला आहे, तर कुणाच्या सुनेला मुले सांभाळून घरबसल्या काहीतरी करायचे आहे. एक जण सुचवतो, पोळी-भाजी केंद्र काढ. दुसरा म्हणतो, रिक्षा घे आणि भाड्याने दे. तिसरा म्हणतो, वाडीत विहीर आहे ना, मग टँकर लाव. गिऱ्हाईक शोधायलाही जावे लागणार नाही. या साऱ्या चर्चेत ‘किती सुटतील?’ हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि बहुधा तिथेच चर्चा संपते.

हा प्रश्न वाईट नाही. ज्या धंद्यात काही सुटत नाही, त्याने घर चालत नाही. प्रभू येशूने बुरुज बांधणाऱ्याचा दाखला दिला, तेव्हा आधी बसून खर्चाचा हिशेब करण्याची गोष्टच सांगितली. संत पौल करिंथ शहरात अक्विला व प्रिस्किला यांच्याबरोबर तंबू बनवण्याचे काम करीत असे. फिलिप्पै येथील लुदिया जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण होती आणि तिच्याच घरी पौलाला आसरा मिळाला. तेव्हा व्यापारउदीम हा ख्रिस्तसभेला परका नाही आणि नफा या शब्दाने दचकण्याचेही कारण नाही.

मात्र आपल्यात एक समजूत फार पक्की आहे. धंदा कोणताही असो, तो सचोटीने केला की झाले, असे आपण म्हणतो. म्हणजे नीती ही धंदा सुरू झाल्यावरची गोष्ट : माप नीट द्यावे, भेसळ करू नये, कर भरावा. धंद्याची निवड मात्र केवळ आवडीची आणि पैशांची बाब. ही समजूत पुरेशी आहे का, हे आज थोडे तपासून पाहू या.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोपपदावर असलेल्या थोर संत ग्रेगरी यांनी आपल्या एका प्रवचनात एक साधी पण मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. पेत्र कोळी होता. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर तो पुन्हा जाळे घेऊन गालील प्रांतातील समुद्रावर गेला आणि त्यात कुणाला काही गैर वाटले नाही. मत्तय जकातदार होता. तो मात्र आपल्या नाक्यावर पुन्हा कधी जाऊन बसला नाही. असे का? ग्रेगरी यांचे उत्तर असे की, काही व्यवसाय पापावाचून करता येतात, तर काही पापावाचून करणे फार कठीण असते. पहिल्याकडे परतण्यास हरकत नाही. दुसऱ्याकडे परतू नये.

यावर जाणकार वाचक लगेच एक शंका काढतील, आणि ती रास्त आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून जास्त घेऊ नका, एवढेच सांगितले. जक्कय तर जकातदारांचा प्रमुख. त्याने निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. त्याने धंदा सोडल्याचे शुभवर्तमान सांगत नाही. मग धंदा वाईट की माणूस वाईट?

त्या काळी जकातीचे काम कसे चाले, हे पाहिले की उत्तर सापडते. जकात वसूल करण्याचा हक्क कंत्राटाने दिला जाई. कंत्राटदार सरकारला ठरलेली रक्कम भरी आणि लोकांकडून त्याहून जेवढे जास्त काढता येईल तेवढी त्याची कमाई. आता योहानाचा सल्ला अशा माणसाने खरोखर पाळला, तर त्याच्या हाती काय उरेल? फार थोडे. योहानाने धंदा बंद करा असे म्हटले नाही हे खरे. पण त्याने घातलेली अट अशी होती की, धंद्यात सचोटीचे किती होते आणि लुबाडणुकीचे किती होते, ते आपोआप उघडे पडावे. पेत्राला हीच अट घाला. त्याने एकही मासा खोटे बोलून विकला नाही, तरी त्याचे जाळे त्याला पोसतेच.

तेव्हा धंदा निवडताना पहिली कसोटी ही : यातला सगळा लपवलेला भाग काढून टाकला, तर हा धंदा उरतो का? गिऱ्हाइकाला खरे सांगितले तरी तो पुन्हा येईल का? ज्या योजनेत नवे सभासद आणल्याशिवाय जुन्यांना पैसे मिळत नाहीत, तिथे खरे सांगितले की योजना बुडते. ज्याला व्याजाचा खरा दर समजला तर तो कर्ज घेणारच नाही, अशाला कर्ज देण्याचा धंदा त्याच्या अज्ञानावर उभा आहे. मालक रोज मिस्साला जात असला तरी त्यात फरक पडत नाही.

दुसरी कसोटी मजुरीची. एक हिशेब करून पाहू. समजा, एका भगिनीने डब्यांचा व्यवसाय सुरू केला. रोज ४० डबे, प्रत्येकी ८० रुपये, म्हणजे ३,२०० रुपये आले. धान्य, भाजी, गॅस आणि डबे पोहोचवणाऱ्या मुलाचे मिळून १,९०० गेले. उरले १,३००. मदतीला दोन बायका आहेत. त्यांना प्रत्येकी २०० दिले तर मालकिणीला ९०० उरतात. धंदा छान चालला आहे, असे सगळे म्हणतील. पण त्या दोघींना त्यांच्या कामाच्या तासांप्रमाणे प्रत्येकी ४५० द्यायला हवेत असे धरले, तर मालकिणीला ४०० उरतात. मधले ५०० रुपये तिच्या हुशारीचे नव्हते. ते त्या दोघींच्या पदरातून आले होते. ‘त्या स्वतःच २०० ला कबूल झाल्या’ असे आपण म्हणतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात याच सबबीचा विचार केला आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने कामगाराने कमी मजुरी पत्करली, तर त्याच्या होकारामुळे ती न्याय्य ठरत नाही, असे त्यांनी बजावले. हा हिशेब धंदा काढण्यापूर्वी मांडला, तर डब्याची किंमत वाढवता येते, पदार्थ कमी करता येतात किंवा दुसरे काही निवडता येते. नंतर मांडायला बसलो की कुणाच्या तरी पोटावर पाय द्यावा लागतो.

तिसरी कसोटी शेजाऱ्याची : माझा धंदा जोरात चालला, तर शेजाऱ्याचे काय होईल? आपल्या वसईला हा धडा पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आपल्या विहिरींत आणि बावखलांत पाणी होते म्हणून पानवेल, केळी, फुले आणि भाजी पिकली, सुकेळी झाली, टोपल्या गाडीने दादरला गेल्या. पुढे इमारती वाढल्या, पाण्याला भाव आला आणि विहिरींवर पंप बसले. ज्याची विहीर त्याचे पाणी, यात बेकायदेशीर ते काय, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. पण जमिनीखाली कुंपण नसते. समुद्राजवळच्या जमिनीतून गोडे पाणी प्रमाणाबाहेर उपसले की त्याची जागा खारे पाणी घेते, आणि ते सातबारा पाहून शिरत नाही. टँकर भरणाऱ्याने माप चोख दिले असेल, पावती दिली असेल, पाणी स्वच्छ असेल. तरी शेजारच्या वाडीतली केळ सुकतेच. कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन केले, त्याच्या मुळाशी हीच जाणीव होती. ‘सचोटीने केला की झाले’ ही समजूत इथे स्पष्टपणे अपुरी पडते. टँकरमालक सचोटीचा होता. चूक त्याच्या मापात नव्हती, निवडीत होती.

इथे नेहमीची सबब येते : ‘मी नाही केला, तर दुसरा करील.’ करीलही कदाचित. पण दुसरा काय करील याचा जबाब माझ्याकडून मागितला जाणार नाही. शिवाय हे वाक्य प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हटले की ते सर्वांच्या बाबतीत खरे होते. आणि एकाने जरी नाही म्हटले, तरी आळीतल्या दुसऱ्याला नाही म्हणणे थोडे सोपे जाते.

दुसरी सबब मात्र सबब नाही, ते दुःख आहे : ‘निवड करायला माझ्याकडे आहेच काय? पोटाला तर हवे!’ याला कठोर उत्तर देण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही. ख्रिस्तसभेनेही ते दिलेले नाही. हिप्पोलिटस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या प्राचीन ग्रंथात बाप्तिस्म्यासाठी येणाऱ्यांनी कोणते व्यवसाय सोडावेत याची यादी आहे. वेश्यागृह चालवणारा, आखाड्यात माणसे मारणारा योद्धा, यांना सूट नाही. पण मुलांना त्या काळचे लौकिक ज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाबद्दल म्हटले आहे की, त्याने ते सोडावे हे बरे. मात्र त्याला दुसरे काही येत नसेल तर चालू ठेवू द्यावे. किती समंजस नियम! जिथे माणसाचाच बळी जातो तिथे गरज हे कारण होऊ शकत नाही. जिथे केवळ शंकेला जागा आहे, तिथे माणसाच्या पोटाकडे पाहावे. पण आपल्यापैकी ज्याच्या हाती निवृत्तीचे पैसे आहेत, घर स्वतःचे आहे, तो जेव्हा ‘पोटासाठी’ म्हणतो, तेव्हा त्याने तो शब्द जपून वापरावा.

चौथी कसोटी बुडण्याची. धंदा चालला तर पैसे कुणाचे हे आपण ठरवतो. बुडाला तर कुणाचे जातील, हे बोलत नाही. पत्नीचे दागिने, आईच्या नावावरची वाडी, जामीन राहिलेला मेहुणा : यांच्यापैकी कुणाला आपण काय धोका पत्करत आहोत हे नीट सांगितले आहे? २०१५ पासून मुद्रा योजनेखाली लहान धंद्यांना तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. आपल्या पूर्वजांनीही याचा विचार केला होता. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी वसईत सहकारी संस्था स्थापन केली, तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. मार्ग आहेत. तेव्हा दुसऱ्याचे छप्पर गहाण टाकून आपले धाडस दाखवणे, याला हिंमत म्हणता येणार नाही. उलट, थोडक्यात सुरुवात करण्यात कमीपणा नाही. १९५९ साली गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यांनी नवे काही शोधून काढले नव्हते. जे हातांना येत होते तेच निवडले आणि काम करणारी प्रत्येक बाई मालकीण राहील असे ठरवले. तीच आजची लिज्जत. बुडाले असते तरी ८० रुपये बुडाले असते.

मग कोणता धंदा काढावा? याचे उत्तर हे पत्रक देऊ शकत नाही. एकाच आळीत एकाला शिवणकाम साधेल, दुसऱ्याला पंप दुरुस्ती, तिसऱ्याला आजोबांची वाडीच नव्याने कसणे. आपल्या हातांना काय येते आणि आजूबाजूच्या माणसांना काय हवे आहे, या दोन्हींची गाठ जिथे पडते तिथे शोध घ्यावा. एक सूचना मात्र करावीशी वाटते. कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी तीन माणसांना भेटा. पहिला, तोच धंदा करून बुडालेला. चालवणारे तुम्हाला नफा सांगतील, बुडालेला खर्च सांगेल. दुसरी, घरातली ती व्यक्ती जिचे पैसे किंवा झोप यात जाणार आहे. आणि तिसरा, तुमचा धंदा भरभराटीला आल्यावर ज्याच्या दारात त्याची झळ पोहोचेल तो शेजारी. त्याच्यासमोर आपली योजना मोकळेपणी सांगता आली, तर बेधडक कामाला लागा. त्याला सांगताना एखादा मुद्दा गाळावासा वाटला, तर घरी येऊन आधी त्याच मुद्द्याचा विचार करा.