दुसरी किल्ली

कोल्हापूरची एक मुलगी म्युनिकमध्ये नोकरी करत होती. नवरा कोल्हापुरातच शाळेत शिक्षक. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यातलं दीड वर्ष फोनवरच गेलं होतं. कामावरून सुटली की ती इझार नदीच्या काठी एका बाकावर बसून त्याला फोन करी. तिच्या घड्याळात साडेपाच, तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे नऊ. थंडीत तिकडची घड्याळं तासभर मागे जात, मग नवाचे दहा होत.

मे महिन्याच्या सुट्टीत तो तीन आठवड्यांसाठी येणार असं ठरलं. तिने निमंत्रणाचं पत्र पाठवलं. व्हिसासाठी लागणारा 30,000 युरोचा प्रवासविमा काढला. अर्जात राहण्याच्या पत्त्यासमोर स्वतःच्या घराचा पत्ता लिहिताना तिला फार बरं वाटलं.

आठवडाभराची रजा काढून तिने एकेका दिवसाचा बेत आखला. तो आला आणि फिरणं सुरू झालं. मारियनप्लाट्झच्या चौकात सकाळी 11 वाजता घड्याळातल्या बाहुल्या नाचतात, त्या पाहिल्या. दोन तास रेल्वेने जाऊन नॉयश्वानस्टाइनचा किल्ला पाहिला. सीमेपलीकडचं साल्झबर्ग पाहिलं. रोज बाहेर जेवायचं, रात्री दमून झोपायचं. सासूबाईंनी पाठवलेली कांदा-लसूण चटणीची बरणी तशीच बंद राहिली.

दुसऱ्या आठवड्यात ती कामावर निघाली. जाताना म्हणाली, "आराम करा. बाहेर मात्र पडू नका. इथलं दार ओढलं की आपोआप लागतं, मग किल्लीशिवाय उघडत नाही."

घरमालकाने दिलेली दुसरी किल्ली खणात पडून होती. ती नवऱ्याला द्यावी, हे तिच्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तर तो खिडकीशी उभा होता. पलंगापाशी त्याची बॅग उघडी होती आणि तिच्यात कपड्यांच्या घड्या नीट रचलेल्या होत्या.

"अहो, कपडे अजून बॅगेतच?"

"कपाटात कुठं ठेवू, ते कळेना."

तिला वाईट वाटलं. "एवढं फिरलो आपण. तुम्हाला आवडलं नाही का?"

"आवडलं की. पण ते बघायला सगळं जग येतं. मी तुला बघायला आलोय." थोडं थांबून तो म्हणाला, "फोनवर तू बोलायचीस तेव्हा मागं पाण्याचा आवाज यायचा. दीड वर्ष ऐकतोय. ते पाणी कुठं आहे गं?"

ती गप्प झाली. तिच्या बेतात किल्ला होता, परदेशातलं शहर होतं, पण तो बाक नव्हता.

तिने उठून कपाटाची अर्धी बाजू रिकामी केली. खणातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. मग एका कागदावर घरापासून नदीपर्यंतची वाट काढून दिली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती नेहमीसारखी नदीकाठी आली. सवयीने हात फोनकडे गेला. पाहते तो बाकावर तो बसलेला! तिने फोन पर्समध्ये ठेवून दिला. मे महिन्यात तिथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. उन्हं जाईपर्यंत दोघं तिथेच बसून होती.

उरलेल्या दिवसांत ती कुठल्याच किल्ल्यावर गेली नाहीत. तो रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत करू लागला. प्लास्टिकच्या एका बाटलीमागे 25 सेंट परत मिळत, त्यात आणखी थोडे घालून पाव घेऊन येई. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवी. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या की त्यांना 'ग्र्युस गॉट' म्हणून नमस्कार करी. ती कामावरून येई, तेव्हा पिठल्याचा वास दारापर्यंत आलेला असे. चटणीची बरणी तळाला गेली.

जायच्या दिवशी त्याने किल्ली टेबलावर ठेवली. तिने ती उचलून त्याच्या खिशात घातली.

"अहो, ही राहू दे तुमच्याकडेच. पाहुणे गेले की किल्ली परत घेतात. तुम्ही पाहुणे नाही."

त्यानंतरही ती रोज संध्याकाळी त्या बाकावरून फोन करते. पाण्याचा आवाज तसाच येतो. आता तो कुठून येतो, ते त्याला ठाऊक आहे.

तात्पर्य : पाहुण्याला आपलं गाव दाखवावं; आपल्या माणसाला आपल्या रोजच्या दिवसात जागा द्यावी.