सायंकाळचा नियम

चाकरी संपली म्हणजे उरलेला वेळ आपला, असे मनुष्य मानतो. परंतु ज्या वेळेला नियम नाही, तो त्याच्या हाती राहत नाही.

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथील पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात १ मार्च १९१२ रोजी श्रीनिवास रामानुजन् दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. दिवस कचेरीचा, संध्याकाळ गणिताची. मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर यांच्यासह ते पाट्या घेऊन रात्री उशिरापर्यंत बसत. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या हार्डींकडे आपली प्रमेये धाडली; त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली.

मात्र या चरित्राची दुसरी बाजू साधकाने विसरू नये. पुढे इंग्लंडमध्ये अध्ययनाच्या भरात त्यांच्या जेवणाझोपेला वेळकाळ राहिला नाही. १९१७ मध्ये ते गंभीर आजारी पडले व १९२० मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, निवर्तले. आजाराचे कारण कोणतेही असो, अनियम देहाला साहाय्य करीत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायातील १७ वा श्लोक आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती या सर्वांनाच मर्यादा घालतो. केवळ आळसाला नव्हे, उद्योगालाही. म्हणून घरी परतल्यावर हातपाय धुवून देवापाशी दिवा लावावा, घटकाभर नामस्मरण करावे, नेमलेला अभ्यास करावा, कुटुंबासह जेवावे आणि वेळेवर निजावे. अशा नियमाने विश्रांतीही उपासनाच होते.