तुरुंगातला आजारी कोणाचा?



राहूहून वाघोलीमार्गे पुण्याला जाताना येरवडा लागतोच. तिथल्या तुरुंगाची क्षमता सुमारे अडीच हजारांची. आत मात्र अनेक वर्षे दुपटीहून अधिक माणसे राहत आली आहेत. "गुन्हेगारांना फुकट डॉक्टर कशाला? आम्ही यवतच्या सरकारी दवाखान्यात रांगेत ताटकळतो," असे गुऱ्हाळावर राबणारा माणूस म्हणतो, तेव्हा त्याचे दुखणे खरेच असते. पण उसनवारी करून का होईना, त्याला दुसरा डॉक्टर गाठता येतो. कैद्याला तेवढेही जमत नाही. म्हणून ज्याने कुलूप लावले, त्यानेच आतल्या आजाऱ्याला पाहायचे. १८९४ च्या तुरुंग कायद्यातही प्रत्येक तुरुंगाला वैद्यकीय अधिकारी सांगितला होता. न्यायालय शिक्षा देते ती कोंडण्याची, क्षयाची नव्हे. शिवाय आपल्या देशात चारातले जवळजवळ तीन कैदी कच्चे आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही.

१२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याचे कैदी महात्मा गांधी यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी केले. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ते पुरे केले. अर्थात, गांधीजींसाठी इंग्रज सरकार धावणारच! प्रश्न अनाम कैद्याचा आहे. आणि कधी नाव असलेल्याचाही. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे पेला हातात धरवेना, म्हणून नळीच्या कपासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे काहीही मत असो. तहानलेल्याला पाणी पिता यावे, यासाठी निकालाची वाट कशाला पाहायची?

आजाऱ्याला भेटणे आणि बंदिवानाला भेटणे ही दयेची दोन कृत्ये आपण धर्मशिक्षणात निरनिराळी मोजतो. तुरुंगात ती एकच होतात.

पहारेकऱ्याचा तर कोणी विचारच करत नाही. मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात ७७ कैद्यांबरोबर २६ कर्मचाऱ्यांनाही कोरोना झाल्याचे आढळले. त्याच महिन्यात राज्यातले सुमारे ३५,००० पैकी निम्मे कैदी तात्पुरते सोडण्याचे ठरले, कारण गर्दी कमी केल्याशिवाय दुसरे औषध लागू पडणार नव्हते. बराकीतली हवा कैद्याची वेगळी आणि शिपायाची वेगळी नसते. तो पाळी संपवून घरी जातो आणि दारातच लेकराला उचलून घेतो.